माई, मी आणि उडायला निघालेलं सोलर

आमच्या गच्चीवरचं सोलर कधीच चोरीला गेलं नाही, याचं सगळं श्रेय माझं आहे. ते एकदा स्वतःहून रस्त्यावर जायला निघालं होतं ही गोष्ट वेगळी, पण चोरीला नाही गेलं!

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत नाशिकमध्ये वीज पाहुण्यासारखी यायची. चहा होईपर्यंत थांबायची आणि निघून जायची. सिडकोतल्या आमच्या छोट्याशा घरात मी, हे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई. माईंचा जन्म गेला कळवणला, शेतात. नाशिकला आल्या त्या दमा घेऊनच. पंखा बंद पडला की त्यांना धाप लागायची, आणि मी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. शेवटी ह्यांनी गच्चीवर सोलर बसवून घेतलं. लोखंडी अँगलच्या एकाच तिरक्या फ्रेमवर चार पॅनेलं, आणि जिन्याखाली बॅटरी. वीज जायची, माईंचा पंखा मात्र फिरत राहायचा. माई त्या पंख्याकडे अशा बघायच्या, जणू त्यांच्या पोटच्या मुलाने तो हाताने फिरवत ठेवलाय.

बसवणाऱ्या माणसाने विचारलं होतं, "मॅडम, स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारू ना?"

"भोकं? माझ्या स्लॅबला?" मी किंचाळलेच. (त्याच उन्हाळ्यात आम्ही वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. त्या स्लॅबवर मी कुणाला चप्पल घालूनसुद्धा जाऊ देत नव्हते!)

"बरं, मग पायांना सिमेंटचे ठोकळे ठेवू. वजनावर उभं राहील."

"पडणार नाही ना?"

"साध्या वाऱ्याला काही होत नाही."

त्यातला 'साध्या' हा शब्द मी ऐकलाच नाही.

महिन्याभरात मागच्या गल्लीत चोरी झाली, आणि तीही भरदुपारी. दोन माणसं शिडी घेऊन आली, 'सर्व्हिसिंगला नेतो' म्हणाली, आणि पाटणकर वहिनींच्या गच्चीवरची पॅनेलं काढून घेऊन गेली. वहिनींनी त्यांना सरबत दिलं! वर 'जपून न्या हं' असंही सांगितलं!

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. समोरच्या घरातले सबनीस काका, रिटायर्ड आणि उत्साही, त्यांनी शिट्टी विकत आणून गळ्यात घातली आणि खिडकीत खुर्ची टाकून पहारा सुरू केला. मी त्यांच्याही पुढे गेले. वेल्डिंगवाल्याला बोलावून पॅनेलचा एकूण एक नट वेल्ड करून टाकला. गच्चीच्या कठड्यावर काटेरी तार लावली. जिन्याच्या दाराला लॅच बसवलं. दार ओढलं की आपोआप बंद, आणि बाहेरून उघडायचं तर किल्लीच हवी. तरी समाधान होईना, म्हणून जाडजूड साखळी आणली, फ्रेमला गुंडाळली आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपला कुलूप घालून अडकवली.

हे म्हणाले, "अगं शुभांगी, आता मलासुद्धा ते काढता येणार नाही."

"तेच तर!" मी म्हणाले.

पॅनेल फ्रेमपासून सुटणं अशक्य झालं होतं. फ्रेम मात्र घराला कुठेच धरलेली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, पण कधी? मे महिन्यातल्या त्या दुपारी.

हे कामासाठी येवल्याला गेले होते. माईंनी सकाळीच गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. चारच्या सुमारास आभाळ एकदम काळवंडलं आणि धुळीचा लोट उठला.

"शुभे, कुरडया!" माई ओरडल्या आणि माझ्याआधी जिना चढल्यासुद्धा. धूळ माईंना विषासारखी. म्हणून मी त्यांना थांबवायला मागोमाग धावले. जाताना माझ्या डोक्याला नि तोंडाला टॉवेल गुंडाळला. माईंनी पदर नाकावरून ओढून घेतला होता आणि अंगावर प्लास्टिकचा कागद पांघरला होता.

"माई, खाली चला आधी! धाप लागेल!"

"कुरडया भिजल्या तर वरीसभर काय खाशील?"

तेवढ्यात पाठीमागे धाडकन आवाज झाला. दार! दाराला नेहमी एक वीट लावलेली असायची. ती वीट माईंनी कुरडयांच्या कागदावर ठेवली होती. लॅचने आपलं काम चोख केलं. किल्ली खाली, फ्रिजवर. मोबाइल ओट्यावर. आणि गच्चीवर आम्ही दोघी.

मी दार ढकललं, लाथा घातल्या. (लॅच फारच उत्तम प्रतीचं होतं.) मग मागून एक कर्कश आवाज आला, लोखंड फरशीवर घासल्यासारखा. वळून बघते तर सोलरची फ्रेम हलत होती! वारा मागून पॅनेलखाली शिरत होता, आणि मागचे दोन पाय ठोकळ्यांसकट उचलले जाऊन पुन्हा आदळत होते. प्रत्येक आदळण्यासरशी फ्रेम वीतभर पुढे सरकत होती. पुढे म्हणजे रस्त्याकडे. त्या बाजूचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा!

"धर!" माई ओरडल्या.

मी एक पाय धरला, माईंनी दुसरा. पुढच्या झोताला साखळीला हिसका बसला. साखळी काही तुटली नाही. तुटला तो टाकीचा पाइप! पाण्याचा जाड फवारा आमच्या अंगावर आला, गच्चीभर पाणी झालं, आणि ओल्या फरशीवर ती फ्रेम आता घसरू लागली.

याच वेळी समोरून शिट्टी वाजली.

सबनीस काकांना त्यांच्या खिडकीतून काय दिसलं असेल? तोंडं बांधलेले दोघेजण आमचं सोलर ओढताहेत! काकांनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली होती, तो आला होता. ते शिट्टी फुंकत खाली धावले आणि आधी काय केलं, तर स्वतःच्या सायकलची साखळी आणून आमच्या फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. चोर पळता कामा नयेत!

"चोर! चोर! धावा!"

गल्ली गोळा झाली. इस्त्रीवाला आला, भाजीगाडीवाला आला, क्रिकेट खेळणारी पोरं आली, पाटणकर वहिनी लाटणं घेऊन आल्या. आणि वारा लागू नये म्हणून सगळे कुठे उभे राहिले? आमच्या भिंतीला चिकटून, बरोबर त्या फ्रेमच्या खाली!

हे एवढं लोखंड नि काच खाली पोरांच्या डोक्यावर पडलं तर? चोरांची, पॅनेलची, कसलीच फिकीर उरली नाही. मी वाकून ओरडायला गेले, तर माझ्याच काटेरी तारेत माझा गाऊन अडकला.

"बाजूला व्हा! वरून पडेल! बाजूला व्हा!"

खाली कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"बाजूला व्हा नाहीतर वरून टाकतो, असं म्हणतोय!" सबनीस काका गरजले. "टाक लेका! बघतोच किती टाकतोस ते! कुणी हलू नका रे!"

"काका, मी शुभांगी! शुभांगी!" मी टॉवेल ओढायला लागले, तर तो भिजून तोंडाला घट्ट चिकटलेला. तोंडातून निघालं ते नुसतं 'उंभांई'.

"शिव्या देतोय!" पाटणकर वहिनी म्हणाल्या.

इकडे माईंचा श्वास वाजायला लागला होता. तो शिट्टीसारखा आवाज मला चांगला ओळखीचा होता. मी गाऊन टराटरा फाडून घेतला आणि त्यांच्याकडे धावले.

"माई, सोडा तुम्ही! भिंतीशी बसा! सोडा म्हणते ना!"

"नाय सोडणार," त्या धापा टाकत म्हणाल्या. "खाली पोरं हायेत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू यावर बस. आडवी होऊन बस. मी त्यांना हाकलते."

"कशा हाकलणार?"

मी फ्रेमच्या मागच्या अँगलवर सगळा भार टाकून बसले, दोन्ही हातांनी साखळी आवळली आणि डोळे मिटले. माई रांगत कुरडयांपर्यंत गेल्या. अर्धवट वाळलेल्या, आता पाण्याने पुन्हा लिबलिबीत झालेल्या कुरडया त्यांनी ओंजळीत घेतल्या आणि कठड्यावरून खाली भिरकावल्या. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. शेतात पाखरं हाकलायची सवय होती त्यांना. नेम चुकत नव्हता.

खाली एकच हलकल्लोळ! "मारताहेत! चोर मारताहेत!" "अरे अंगावर काहीतरी चिकट टाकलं!" "ॲसिड असेल, पळा!" लोक भिंतीपासून जे पळाले, ते थेट समोरच्या ओट्यावर!

आणि त्याच क्षणी त्या दुपारचा सगळ्यात मोठा झोत आला. फ्रेम माझ्यासकट उचलली गेली. खरंच सांगते, माझे पाय फरशीवरून सुटले. आम्ही, म्हणजे मी आणि चार पॅनेलं, कठड्याच्या दिशेने सूं करून घसरलो. मला समोर रस्ता दिसला, काकांचं टक्कल दिसलं, ह्यांचा चेहरा आठवला. "माई!" मी ओरडले. माईंनी मागून येऊन माझ्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःला फरशीवर लोटून दिलं. पुढचे ठोकळे कठड्यावर आपटले. वरची कड कठड्याबाहेर झुकली, तिथेच डुगडुगली, आणि धपकन मागे बसली.

मग पाऊस आला. मोठ्या थेंबांचा, सरळ. वारा पडला. माईंनी माझी कंबर सोडली नाही. त्यांचा श्वास माझ्या पाठीवर जाणवत होता. हळूहळू तो लांबत गेला, मोकळा झाला. हवेतली धूळ खाली बसली होती. माझ्या लग्नाइतक्या जुन्या आमच्या नात्यात आम्ही दोघी इतक्या जवळ कधीच बसलो नव्हतो. मला रडूच आलं. माई म्हणाल्या, "रडू नको. कुरडया गेल्या तर गेल्या."

खाली सबनीस काकांनी टकलावर चिकटलेला तो पांढरा पदार्थ काढला, निरखला, आणि (हे मला वहिनींनी नंतर सांगितलं) चाखून पाहिला.

"अहो... ही तर माईंची कुरडई!" दरवर्षी त्यांच्या घरी ताटभर जायची ना!

मग फाटक उघडायची धांदल. काकांच्या सायकलच्या साखळीला नंबरचं कुलूप, आणि घाबरल्यामुळे काका नंबरच विसरलेले! शेवटी इस्त्रीवाला फाटकावरून चढून आत आला, जिना चढला आणि त्याने आतून दार उघडलं. त्याच्यासमोर सोलरवर बसलेल्या आम्ही दोघी, एकीचा गाऊन फाटलेला, दुसरीच्या हातात शेवटची कुरडई. तो बिचारा एकच वाक्य बोलला, "वहिनी, तुम्हीच चोरत होता?"

संध्याकाळी हे आले. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत येताना त्यांना ही हकिकत प्रत्येक दारात वेगळी ऐकायला मिळाली होती. एका दारात तर आम्ही चौघा दरोडेखोरांना पळवून लावलं होतं. ह्यांनी माईंना औषध दिलं, माझ्या हातावरच्या साखळीच्या वळांना हळद लावली, आणि दुसऱ्याच दिवशी त्या बसवणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो गच्चीवर आला. कठड्याला टेकलेली फ्रेम, फुटलेला पाइप, सरकलेल्या ठोकळ्यांचे ओरखडे, सगळं पाहिलं. एकही पॅनेल फुटलं नव्हतं.

"स्लॅबला बोल्ट मारा," मी मान खाली घालून म्हणाले. "हवी तेवढी भोकं पाडा."

"ते मारतो मॅडम. पण कमाल आहे! कालच्या वाऱ्यात हे खाली कसं नाही गेलं? यावर वजन काय ठेवलं होतं?"

माईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही बसली होती. मी नुसती धरून होते."

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग बरोबर आहे. पुरलं असेल."