बाईंचे वळण

ट्रकच्या जुन्या टायरचा तळ लावलेले कॅनव्हासचे बूट, बायकांच्या मापाचे. पाणी गार ठेवणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या, लाकडी बुचाच्या. शिदोरीच्या झोळ्या, आतून मेणकापडाचे अस्तर असलेल्या, म्हणजे कालवणाचे तेल बाहेर फुटत नाही. बसायला अंथरायची एक ताडपत्री, कडांना पितळी कड्या. काठी मनगटात अडकवायचे पट्टे. आणि होकायंत्र ठेवायचा एक बटवा, ज्याची शिवण कुठे संपते ते शोधून दाखवा असे मी आजही सांगतो.

हे सगळे माझ्या हातचे. लांब शिवणीला मशीन. जिथे ओझे येते तिथे दाभण आणि मेण लावलेला दोरा. हे काम मला कोणी शिकवले नाही. संगमनेरला पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे माझे दुकान आहे, आणि फाटक्या ताडपत्र्या उसवून उसवून मी शिवायला शिकलो. आमच्याकडे भाव एकच. घासाघीस करणाऱ्याला मी पाणी विचारतो आणि वाटेला लावतो.

श्रीमती वत्सलाबाई टाकळकर यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला रविवारच्या सहलींविषयी लिहायचे आहे. सुरुवात वस्तूंपासून केली, कारण आमची ओळख एका वस्तूवरून झाली, आणि ती वस्तू बाईंनी परत आणली होती.

बाई तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत. दुकानाच्या फळीपाशी येऊन त्यांनी विचारले, नऊवारी नेसून डोंगर चढता येईल असा बूट होईल का? होईल म्हटले, पण माप घ्यायला बाईमाणसाच्या पायाला हात कसा लावायचा, ही माझी अडचण. ती त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखली. खडू मागून घेतला, पुठ्ठ्यावर पाय ठेवला आणि स्वतः वाकून पायाभोवती रेघ मारली. नकाशे काढणारा हात तो. रेघ कुठे तुटली नाही.

त्या मापाचा जोड मी मन लावून केला. चारच दिवसांत बाई तो घेऊन परत. प्रवरेच्या घाटावर ओल्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी तो तपासला होता आणि टाच सरकत होती. मला राग आला. असलेच तळ ट्रकवाले नेतात, अजून एकाची तक्रार नाही, असे मी सुनावले.

“पोपटराव,” बाई म्हणाल्या, “ट्रकवाले चालतात कुठं?”

दुकानातली माणसे हसली. मी टाचेला अर्धा सूत चढ दिला आणि तळाच्या खाचा आडव्या कापल्या. बाईंनी ठरलेले पैसे मोजून ठेवले, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. जाताना म्हणाल्या, बूट कुठे घसरतो ते दुकानात बसून दिसायचे नाही, रविवारी बरोबर या. असा मी त्या सहलींत शिरलो.

बरोबर येणाऱ्यांत दोन-तीन शिक्षिका होत्या, बाकी सगळ्या विड्या वळणाऱ्या बायका. आमच्या गावात हा घरोघरचा धंदा. आठवडाभर मांडीवर सूप घेऊन एका जागी बसायचे, आणि रविवारी अशा बाईने ‘डोंगर बघून येते’ म्हणायचे, ही कल्पनाच कुणाच्या घरात नव्हती. बाई प्रत्येकीच्या घरी गेल्या, ओट्यावर बसल्या आणि एकच शब्द दिला: दिवेलागणीच्या आत तुमची सून तुमच्या उंबऱ्यात. हा शब्द एकदा जरी मोडला असता, तरी पुढचा रविवार त्या बायकांना मिळाला नसता. हे बाई जाणून होत्या आणि बायकाही.

त्या एका शब्दातून बाईंची सहल निवडायची रीत आली. इतर लोक डोंगर निवडतात; बाई शिदोरी सोडायची जागा निवडीत. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघायचे, आणि जिथे शिदोरी सुटेल तिथून पुढे एक पाऊल टाकायचे नाही. त्या जागेला त्या ‘वळण’ म्हणत. बायकांना नेण्याआधी बाई स्वतः जाऊन वळण पाहून येत, पुष्कळदा गंगूबाईंना सोबत घेऊन. या गंगूबाई मूळच्या पारनेरच्या कोरडवाहू भागातल्या, संगमनेरात दिलेल्या. विड्या वळताना त्यांचा हात थांबत नाही आणि तोंडही. वळणाचे नाव प्रथम ऐकले तेव्हा म्हणाल्या होत्या, “सा दिवस आमी विड्या वळायच्या, सातव्या दिवशी बाई आमाला वळनार.”

वळणाला सावली हवी, पाणी जवळ हवे, आणि खालून दिसत नाही असे काहीतरी तिथून दिसायला हवे. यात बाईंकडे तडजोड नव्हती. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरावर तिन्ही गोष्टी होत्या. पण तिथे बसले की दरीकडे पाठ होई. ती जागा त्यांनी नापास केली. जेवताना समोर भिंतच बघायची तर घर काय वाईट, हे त्यांचे म्हणणे.

रानात वळण शोधणे सगळ्यांत अवघड, कारण तिथे झाडांपलीकडे काही दिसत नाही. एका उन्हाळ्यात बाई रविवारामागून रविवार एकट्याच अकोले तालुक्यातल्या रानात जाऊन येत आणि अजून जमले नाही, एवढेच सांगत. मग एकदा आम्हाला नेले. जागा पाहिली तर ओढा होता, सावली होती, पाहण्यासारखे मात्र काही नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंनी एका मध्यम उंचीच्या झाडाची फांदी वाकवली आणि गंगूबाईंसमोर धरली. टेंभुर्णी होती ती. जे पान भिजवून, कात्रीने कापून, तंबाखू भरून या बायकांनी जन्मभर वळले, ते झाडावर कसे असते हे त्यांतल्या एकीनेही पाहिले नव्हते. त्यांच्याकडे ते वाळून, पुड्यात बांधूनच येते. गंगूबाईंनी पान तोडले नाही. फांदीवर होते तसेच अंगठ्याने चोळून पाहिले.

“आजवर हिचं मढंच वळीत आले म्हनायची मी,” त्या म्हणाल्या. त्यानंतर गाडीत बसेपर्यंत त्या फारशा बोलल्या नाहीत. ज्यांना गंगूबाई माहीत आहेत, त्यांना याचे मोल कळेल.

माळाचीही एक गोष्ट सांगतो. थंडीत बाईंनी पारनेरच्या अंगाचा एक उघडा माळ निवडला. सावली म्हणाल तर एका बोरीची, तीही आळीपाळीने घ्यायची. एक शिक्षिका कुरकुरल्या, इथे दिवस कसा काढायचा? गंगूबाईंचे माहेर तिकडचेच. त्या म्हणाल्या, “आमच्या मानसांनी जलम काढला हितं, तुमाला येक दिवस निघंना व्हय?” बाईंनी नुसती काठी समोर केली. माळाच्या दूरच्या टोकाला एका ढगाची सावली उतरली होती आणि चालत येत होती. ती आमच्या अंगावरून गेली, जरा गार वाटले, आणि मग पलीकडच्या उताराने खाली गेली. डोंगरात ढगाची सावली तुकड्यातुकड्यांनी दिसते. सबंध सावली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना पाहायची तर माळच पाहिजे. हे मला चाळिशी उलटल्यावर बाईंनी दाखवले.

दुष्काळात बाईंनी आणखी एक नियम केला. वाटेतल्या गावाचे पाणी घ्यायचे नाही, आपले आपण न्यायचे. माझ्या पिशव्या वाढल्या त्या तेव्हा. तरी एका वस्तीवर एक म्हातारी तांब्या घेऊन पुढे आलीच. नाही म्हणावे तर तिचा अपमान, प्यावे तर तिचे पाणी कमी. बाईंनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, ओठ ओले केले, तोंड भरून “गोड आहे हो पाणी” म्हणाल्या आणि तांब्या परत केला. मागून आम्ही सगळ्यांनी तसेच केले. तांब्या जवळजवळ भरलेलाच तिच्या घरात गेला.

आता कळसूबाईचा दिवस. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, नाव बाईमाणसाचे, माथ्यावर देवीचे देऊळ. बायकांनी वर्षभर धोशा लावला होता. बाईंनी गाड्या जुळवून पाहिल्या. पहिल्या एस.टी.ने पायथ्याचे बारी गाव गाठले, तर माथ्यावर शिदोरी सोडून वेळेत परतता येत होते. माथ्यालाच वळण म्हणायची ही पहिली वेळ. गंगूबाईंचा देवीला नवस होता. त्यांनी खण-नारळाची ओटी पदरात बांधून घेतली.

त्या दिवशी गाडी राजूरच्या अलीकडे बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत ऊन चढले. आम्ही नेटाने चढलो, कोणी बसले नाही. तरी शेवटच्या कड्याखालच्या सपाटीवर पोचेपर्यंत सूर्य कलता झाला होता. तिथून कड्याला लावलेल्या साखळ्या दिसतात आणि वरच्या माणसांचे बोलणे ऐकू येते. बाईंनी उन्हाकडे पाहिले आणि ताडपत्री अंथरायला सांगितली.

गंगूबाई उभ्याच राहिल्या. “हितवर येऊन देवीला पाठ दावायची, बाई?”

मीही तोंड घातले, घटकाभराचे तर काम आहे. माझे तळ त्या कातळावर कसे धरतात ते मला पाहायचे होते.

“कळसूबाई उद्याही इथंच आहे, गंगूबाई,” बाई म्हणाल्या. “तुमच्या सासूबाईंना दिलेला शब्द आज मोडला, तर उद्या सांधता यायचा नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि पोपटराव, तळ उतरतानाही पाहता येतात.”

वर निघालेल्या एका जोडप्याच्या हाती गंगूबाईंनी ओटी दिली आणि सगळ्या जेवायला बसल्या. बाई शेवटी बसल्या, माथ्याकडे पाठ करून. जेवताना पाठ कुठे होते एवढ्यावरून ज्या जागा नापास करीत, त्यांनी त्या दिवशी मुद्दाम अशी बैठक निवडली होती. भाकरी संपेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. वर जायची ओढ सगळ्यांत कोणाला होती, ते मला त्या पाठीवरून कळले.

संगमनेरला उतरलो तेव्हा दिवे लागायच्या बेतात होते. गंगूबाईंच्या सासूबाई हातात वात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, “आलात व्हय,” म्हणाल्या, आणि आत जाऊन दिवा लावला.

माझ्या दुकानाच्या बाकावर बसणाऱ्यांनी यावरून बाईंना ‘अर्धा डोंगर’ असे नाव ठेवले. रानोमाळ हिंडणाऱ्या बायकांना काही वळण राहिलेले नाही, हेही त्याच बाकावर बोलले जाई. एकदा असे बोलणे चालू असताना त्याच सासूबाई झोळीचा तुटका पट्टा घेऊन आल्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “वळन न्हाई म्हनता? वळत्यात म्हनून तर घरी येत्यात. तुमी येता का दिवं लागायला घरी, ते बायकांना इचारा आपापल्या.” बाक लवकरच रिकामे झाले.

पुन्हा बेत जमायच्या आतच सकाळची ती एस.टी. बारीपर्यंत जायची बंद झाली आणि कळसूबाई एका दिवसात बसेना. जे दिवसात बसत नाही ते बाईंनी निवडले नाही. मुक्काम करावा असे कोणी सुचवले, तर शब्द मुक्कामाचा दिलेला नाही, असे त्या सांगत. या सगळ्या वर्षांत त्यांची एकही सहल दिवेलागणी चुकलेली नाही, आणि एकही रविवार कोणाच्या घराने अडवलेला नाही. बाई मात्र त्या माथ्यावर कधी गेल्या नाहीत.

यंदा बाईंना साठ पूर्ण झाली. गुडघा दुखतो, डॉक्टरांनी चढ जपून करा असे बजावले आहे. सत्काराचे ठरवायला आम्ही त्यांच्या घरी जमलो, तेव्हा शाल कोणती आणि हार कोणता यावर पुष्कळ खल झाला. गंगूबाईंनी सासूबाईंना हाताला धरून आणले होते. त्यांना आता नीट दिसत नाही. बाई कुठे बसल्या आहेत हे विचारून त्या तिकडे तोंड करून बसल्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “लई वरीस तुमी मला दिल्याला शबूद पाळला. आता मी त्यो सोडला. औंदा बारीला रातीचं ऱ्हावा. आन् औंदा वळू नका.”

मग जमलेल्या एकेका घरच्या माणसाने तसेच म्हटले. बाईंनी एवढेच विचारले, “गंगूबाई, ओटी द्यायची राहिलीय ना तुमची?”

“दुसऱ्याच्या हाती धाडलेली पोचली आसंल,” गंगूबाई म्हणाल्या. “माझ्या हातची ऱ्हायली.”

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या फळीपाशी हजर. जुन्या जोडाचे तळ मी तीनदा बदलले होते. या वेळी जोडच नवा हवा होता. खडू मागितला, पुठ्ठ्यावर पाय ठेवला, एक हात गुडघ्यावर दाबून वाकल्या. वेळ लागला, पण रेघ तुटली नाही.

तळासाठी मी ट्रकच्या मागच्या चाकाचा टायर घेतला, सगळ्यांत जाड. तो झिजायला पुष्कळ वर्षे जावी लागतील. ती सगळी वर्षे बाईंनी चालून झिजवावीत, गुडघ्याने त्यांचे ऐकावे, आणि तळ घसरतो म्हणून भांडायला त्यांनी पुन्हा पुन्हा माझ्या दुकानात यावे, एवढेच मागणे आम्ही सगळे कळसूबाईजवळ मागतो. सत्कारानंतरच्या रविवारी, वर जाऊन, समोर बसून मागू.

जोड काल तयार झाला. बाईंनी फरशी ओली करायला लावली, तीवर उभ्या राहून टाच पाहिली. सरकली नाही. मग त्यांनी नेहमीसारखा भाव विचारला आणि मी तो सांगितला, कारण आमच्याकडे भाव एकच. बाईंनी फळीवर मोजून साडेतेरा रुपये ठेवले. ते मी घेतले नाहीत.