दामूदादांचा टेपर

“काका, बाबा गेले...” सुकापूरहून दामूदादांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल फेसाने भरलेला, तसाच खाली बसलो. त्याला आता महिना झाला.

दादा आमच्या पनवेलच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने टर्नर, म्हणजे लेथ हे कातयंत्र चालवणारे; शिक्षण सातवी. मी रुजू झालो तेव्हा नवाकोरा डिप्लोमावाला सुपरवायझर. पहिल्याच आठवड्यात एका पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आला. त्याचं टोक निमुळतं कापायचं होतं. आमच्या भाषेत टेपर. मी वहीत गणित मांडून कोन काढला आणि लेथवर तेवढाच लावायला सांगितला. “निम्मा नको का, साहेब?” दादांनी हळूच विचारलं. “गणित चुकत नाही,” मी म्हणालो. दादांनी शाफ्ट बाजूला ठेवला, भंगारातला तुकडा चढवला आणि माझ्या कोनाने कापून हातात दिला. तो शाफ्ट नव्हता, भोवरा होता! “जॉब, म्हंजे कापायचा तुकडा, फिरतो ना, साहेब. एकीकडून कापला की दुसरीकडूनबी कापला जातो. म्हणून कोन निम्मा.” शाफ्ट वाचला. माझी अब्रूही, कारण त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात माझे होऊ घातलेले सासरे मला कामावर बघायला आले. मी मुद्दाम टाय लावून दादांच्या लेथपाशी उभा. “टाय काढा,” दादा दोनदा म्हणाले. मी ऐटीत वाकलो, टाय जॉब धरून फिरणाऱ्या चकच्या वीतभर वर झुलला... दादांनी मशीन बंद केलं, पत्र्याची कात्री उचलली आणि गाठीखाली टाय कापून टाकला. सासरे दारातच उभे!

“पोरगा चांगला हाय,” दादा त्यांना म्हणाले, “शिकवलं की शिकतो. गळ्यात बांधायचीच तर तुमची पोरगी बांधा. ती मशीनमदी नाय अडकत.” सासरे इतके हसले की लग्न तिथेच ठरलं.

परवा दादांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. फळीवर लोणच्याची बरणी होती, तिला दादांनी लेथवर कातलेलं निमुळतं लाकडी बूच. “यांच्याशिवाय कुनाला उघडत नाय,” वहिनी म्हणाल्या, “जावई ओढून ओढून दमले.” नीट बसलेला टेपर ओढून निघत नाही. मी तळहाताने बाजूने एक हलकी थाप दिली. बूच सुटलं, घरभर लोणच्याचा वास पसरला. वहिनी माझ्या हातावर एक फोड ठेवून डोळे पुसत म्हणाल्या,

“आता लावा परत घट्ट. जावयाला कसं उघडायचं ते सांगू नका.”