नांव घ्या, अम्मा

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी जपमाळ कपाटातच पडून होती. रक्ताचा कॅन्सर पुन्हा उलटला, आधीची औषधं लागू पडेनात, आणि मी दत्तगुरूंवर रुसले. "तीस वर्षं त्यांचं नाव घेतलं. त्यांना माझं नाव तरी ठाऊक आहे का?" असं मी ह्यांना तोंडावर विचारलं. तमिळ मुलखात, तांबरमच्या घरात आम्ही दोघंच, देवावरचा राग काढायचा तरी दुसऱ्या कुणावर!

डॉक्टरांनी शेवटचा उपाय सुचवला. माझ्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालायचा, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरची खूण त्यांना ओळखता येते आणि खूण दिसेल तिथेच त्या वार करतात. गुण येईलच अशी खात्री त्यांनी दिली नाही. नुंगंबाक्कमच्या बँकेत मी जन्मभर सह्या पडताळल्या होत्या. खोटी सही ओळखणं शिकवून येतं, एवढं मला पटलं. पण इतक्या औषधांनी दमलेल्या माझ्या पेशी कसले दिवे लावणार, ही धास्ती काही जाईना.

पेशी काढून नेल्या, आणि महिन्याभराने, त्या परत द्यायच्या सकाळी, एक लहानशी गोठवलेली पिशवी आली. नर्स तंजावूरकडची मराठी निघाली. तिची मराठी जुनी, घरापुरती, आणि हेल सगळा तमिळ. माझा हात धरून म्हणाली, "भिऊ नका, अम्मा. नांव घ्या."

मी डोळे मिटले. इतक्या महिन्यांनी ओठांवर आपोआप आलं, "श्रीगुरुदेव दत्त."

"अय्यो, देवाचे नव्हे!" तिला हसू आवरेना. "तुमचे नांव. पिशवीवरचे आणि तुमचे एक असले तरच चढवणार."

मी डोळे उघडले. पिशवीवर ठळक अक्षरांत माझं नाव होतं, फक्त माझं. ते मोठ्याने उच्चारलं आणि मला रडू कोसळलं. ह्यांना विचारलेला प्रश्न मला आठवला होता.

पुढचे आठ दिवस मी तापाने फणफणले. डॉक्टर म्हणाले, झुंज लागली आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत. महिन्याने तपासणी झाली तेव्हा कॅन्सरची एकही पेशी दिसली नाही. पोरगी बोर्डात पहिली यावी तसा मला माझ्या पेशींचा अभिमान वाटला, अजून वाटतो, आणि येईल-जाईल त्याला मी तो ऐकवते. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होते. जे आपलं आहे ते विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, एवढंच ते असतं. माझं मला परत मिळालं, शहाणं होऊन.

अजून दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तीच नर्स हसत म्हणते, "नांव घ्या, अम्मा." मी दोन्ही घेते. आधी दत्तगुरूंचं, मग माझं, ताठ मानेने.