कैलासवासी ढालकरी

आपल्याकडे कुणीही कुठे परत जातो तो सहज जातो. सहज आलो होतो म्हणणारा पाहुणा चहा घेतो, पोहे घेतो आणि उठता उठता कामाचं बोलतो. मीही त्या जुन्या ऑनलाइन खेळात सहजच परत गेलो. पनवेलला लागून असलेल्या सुकापूरच्या नव्या फ्लॅटमध्ये इंटरनेट आलं होतं, बायको माहेरी होती आणि शुक्रवारची रजा होती. अजून चालू आहे का ते बघू, एवढंच मनात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

तो खेळ मी कॉलेजात असताना पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या एका सायबर कॅफेत खेळायचो. प्लायवुडच्या खोक्यात बसायचं, कानाला फोम उडालेला हेडफोन, आणि पडद्यावर मी, साडेसहा फुटी, चिलखत घातलेला ढालकरी. प्रत्यक्षात माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. या खेळात वीस-पंचवीस जण मिळून गिल्ड करतात, म्हणजे टोळीच, आणि एकजुटीने गडांवर हल्ले करतात. ढालकऱ्याचं काम पुढे उभं राहून मार खायचं. तो आला नाही तर बाकीच्यांचा हल्ला रद्द. आमच्या गिल्डचा सरदार उरणकडचा कोकणी मुसलमान होता, कुवेतला नोकरीला. त्याला सुट्टी शुक्रवारी, म्हणून जुम्म्याची नमाज आटपून तो आला की आमचा हल्ला सुरू. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, खरी नावंही विचारली नव्हती. पण माझी परीक्षा असली की तो सगळ्यांना थांबवून माझ्यासाठी दुआ मागायचा. मी पास व्हायचो. त्यात अभ्यासाचा वाटा किती, हे मला माहीत होतं.

दोन वर्षांनी मला कंटाळा आला. आता कंटाळा आला म्हणून एखादी गोष्ट सोडायची आपल्यात पद्धत नाही. लग्नाला जायचं नसेल तर पोट बिघडतं, सोसायटीच्या मीटिंगच्या दिवशी कंबर धरते. मला पहिल्या शुक्रवारी ताप आला, दुसऱ्या शुक्रवारी तो मलेरिया निघाला, तिसऱ्या शुक्रवारी कावीळ झाली. सरदार दर वेळी जीव तोडून विचारपूस करायचा, त्यामुळे आजार वाढवत न्यावा लागला. शेवटी मी माझाच भाऊ झालो आणि लिहिलं, त्याला आयसीयूत हलवलंय, प्रार्थना करा. मला भाऊ नाही. लिहून झाल्यावर मी कॅफेतून उठलो, समोरच्या टपरीवर कटिंग प्यायलो आणि पुढची नऊ वर्षं तो खेळ विसरलो.

परत गेलो तेव्हा जुना पासवर्ड आठवेना. म्हणून नवा खेळाडू केला, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी. आमची गिल्ड अजून होती आणि सरदारही तोच होता. नव्या भरतीसाठी एक नियम होता, गिल्डच्या दालनात एका दगडापुढे जाऊन मुजरा करायचा. दगडावर माझं खेळातलं नाव होतं आणि खाली ओळ होती, ‘आमचा ढालकरी. आजारातही गिल्डला विसरला नाही.’ मी मुजरा केला. न करून सांगतो कुणाला.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम किती चांगला आहे, ते मला तेव्हा पटलं. नवी पोरं सांगत होती की त्या ढालकऱ्याने एकदा गडाचं दार एकट्याने पाव तास अडवून धरलं होतं. तो दिवस मला चांगला आठवत होता. मी वडापाव आणायला गेलो होतो आणि राक्षस आपसूकच दारात अडकले होते. तरी मी टाइप केलं, अजून काय काय करायचा तो? बोललो असतो तर आवाजावरून पकडला गेलो असतो, म्हणून माईक बिघडलाय असं सांगून ठेवलं होतं. तीन शुक्रवार मी माझी कीर्ती ऐकत बसलो. ऑफिसात हयातीत कुणी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं कौतुक केलं नव्हतं.

चौथ्या शुक्रवारी सरदाराने मला एकट्याला बाजूला घेतलं. मी पनवेलचा आहे हे त्याला कळलं होतं. पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय, म्हणाला, एक काम करशील का? त्याला त्या ढालकऱ्याचं घर शोधायचं होतं. मागच्या तिन्ही सुट्ट्यांत तो त्यासाठी उरणहून पनवेलला आला होता. कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान झालं होतं. मग स्टँडभोवतीच्या दुकानदारांना विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, दोन-तीन हॉस्पिटलांत जाऊन विचारलं, की काविळीने गेलेला कॉलेजचा मुलगा कुणाला आठवतो का. कुणालाच आठवत नव्हता.

“त्याची आई असंल ना,” तो म्हणाला. “तिच्या पोराला इतकी मानसं मानतात, हे तिला कुनी सांगितलंच नसंल. मला एकदा तिला भेटायचं हाय. त्याशिवाय चैन नाय पडत.”

माझ्या आईला शोधत हा माणूस उन्हातून दुकानोदुकानी फिरला होता, आणि त्याच गावात मी फ्लॅटसाठी टाइल्स निवडत असेन. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. तरीही पहिला विचार आला तो हा, की आईही गेली म्हणून सांगावं, म्हणजे प्रकरण मिटेल. खरंच आला. एक खोटं झाकायला मी आईला मारायला निघालोय, हे लक्षात आल्यावर मात्र मी माईक जोडला.

“सरदार, मी बोलतोय,” मी म्हणालो.

त्याने आवाज लगेच ओळखला. मग त्याने विचारलं, तो भाऊ कोण होता? मीच, मी म्हणालो. आजार? नव्हता. मग झालं काय होतं? कंटाळा आला होता, मी सांगितलं. हे वाक्य बोलायला मला नऊ वर्षं लागली.

“उमरा करायला मक्केला गेलो तवा तुझ्यासाठी दुआ मागितली मी,” तो म्हणाला आणि निघून गेला. थोड्या वेळाने पाहिलं तर गिल्डच्या यादीतून माझी गवताची टोपी उडाली होती.

पत्ता मी तरीही पाठवला, आणि सुट्टीवर आल्यावर तो तरीही आला. आईला भेटायचं ठरवलं होतं, त्यात त्याने बदल केला नाही. माझ्यापेक्षा बुटका, टक्कल पडत चाललेला, हातात खजुराचा डबा. कॉलेजातला मित्र, असं मी आईला सांगितलं. सवयच ती. तो आईशेजारी बसून तिच्या गुडघ्यांबद्दल ऐकत राहिला, बोंबलाचं कालवण आणि भाकरी मागून घेतली. आई रंगात आली आणि माझ्यावर घसरली.

“याचं मला काही करावं लागलं नाही हो,” ती म्हणाली. “सगळी आळी मलेरियाने आडवी असायची, हा ठणठणीत. याला कधी साधा ताप म्हणून आला नाही.”

“अल्लाचा शुकर हाय,” तो म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी त्याला उरणच्या एसटीपर्यंत सोडायला गेलो. बस लागायची होती. पुन्हा शुक्रवारी खेळायला येऊ का, मी विचारलं, अगदी काठीपासून सुरुवात करतो. तो आता शिफ्ट बदललीय म्हणेल, नेट चालत नाही म्हणेल, आणि मी बरं बरं म्हणेन, अशी माझी तयारी होती.

“नको येऊस,” तो म्हणाला. “तुझ्यासंगं खेळायला माझं मन नाय होत.”

त्याने माझा हात हातात घेतला, सोडला आणि बसमध्ये चढला. इतकं सरळ ‘नाही’ मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बस स्टँडाबाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो आणि मला रडू आलं. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं बाळा?

डोळे आलेत, मी म्हणालो.