नवा संपादक पाहिजे

आमच्या संपादकांना दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं कधी पचलं नाही. रामदासपेठेतल्या त्यांच्या घरी लग्नपत्रिका आली, तरी ते आधी तिच्यातल्या चुका दुरुस्त करत आणि मग लग्न कोणाचं आहे ते बघत. आम्ही सगळे त्यांना संपादकच म्हणायचो. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनीही, तेच नाव उचललं होतं.

ग्रंथालयांच्या तंत्रावरचं एक त्रैमासिक ते कित्येक वर्षं एकहाती चालवत होते. पुस्तकांच्या नोंदींची कार्डं कशी लावावीत, वाळवी कशी आवरावी, मायक्रोफिल्म म्हणजे काय, असं सगळं त्यात असे. मायक्रोफिल्म पाहिलेले वाचक विदर्भात बोटांवर मोजण्याइतके. वाळवी मात्र सगळ्यांच्याच घरची. त्यामुळे वाळवीचा अंक फार गाजला. लिहायचे कडक प्रमाण मराठी आणि बोलायचे अस्सल नागपुरी.

सन १९८०च्या सुमारास त्यांची नजर गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही छापील अक्षर दिसेना. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. संध्याकाळी जाऊन त्यांना प्रुफं वाचून दाखवायचे. अंकाच्या शेवटच्या पानावर 'नवा संपादक पाहिजे' अशी जाहिरात येऊ लागली. तो मिळाला नाही तर त्रैमासिक बंद पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण उपवर मुलीच्या बापासारखं त्यांना एकही स्थळ पसंत पडेना. कळमेश्वरच्या एका कारखान्यातल्या ग्रंथपालाने त्यांची प्रत्येक दुरुस्ती मुकाट्याने मान्य केली, म्हणून तो नापास. "ज्याले भांडताच येत नाही, तो लेखकाले कसा आवरते?" अमरावतीहून आलेला पहिल्याच भेटीत भांडला. तोही नापास, कारण त्याला मोठ्या माणसाशी बोलायची रीत नव्हती. काकू प्रत्येकाला नरखेडच्या माहेरची संत्री खाऊ घालत, त्यामुळे नापास झालेलेही खुशीत परत जात.

मग एका मोठ्या प्राध्यापकांचा कॉम्प्युटरवरचा लेख आला. ते संपादकांचे जुने स्नेही. त्यांचं लिखाण कधी परत गेलं नव्हतं. वाचता वाचता मी थांबले. वाचकाने नाव सांगताच यंत्र कपाटातून पुस्तक काढून हातात देतं, असं त्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, यांनी यंत्र पाहिलेलंच नाही. हे छापलं तर खेड्यातला एखादा भाबडा ग्रंथपाल कार्डांचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकील. संपादक चिडले. मित्र दुखावेल म्हणाले. अंक मित्रांसाठी निघतो की वाचकांसाठी, असं मी विचारलं आणि आमची चांगलीच जुंपली. काकू दोनदा दारात येऊन बघून गेल्या. शेवटी ते म्हणाले, "मंग तूच लिही त्याले." मी तिथेच बसून लेख परत करत असल्याचं लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. मला वाटलं, माणूस फारच दुखावला.

"आता प्रुफांतलं शेवटचं पान वाच," ते म्हणाले. त्यावर तीच जाहिरात होती.

"थे काढून टाक."

"का?"

"काहून म्हणजे? सापडला न आपल्याले संपादक."

"मला विचारलंत कधी?"

"एवढी भांडली माह्यासंग, आता नाही म्हणतं का वं?"

मी जाहिरातीवर काट मारली.

माझ्या नावाचा पहिला अंक छापून आला, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. उशाशी बसून मी वाचू लागले. आता अडवतील, मग अडवतील. दुसऱ्या पानावर ते चक्क घोरायला लागले. आमच्या त्रैमासिकाने वाचकांना झोप लागते हे मला माहीत होतं, संपादकांना लागलेली प्रथमच पाहिली. मी अंक मिटायला लागले, तशी काकूंनी माझा हात धरला.

"वाच वं, थांबू नको," त्या हळूच म्हणाल्या. "तू थांबली का त्यायले वाटते, काही चुकलं."

मी शेवटच्या पानापर्यंत वाचत राहिले. पुढचा अंक ऐकायला ते नव्हते.