आत्यांच्या तबकडीसाठी नवा प्लिंथ

गाडीच्या डिकीतून ग्रॅनाइट उतरवायला दोन माणसं लागली. प्रल्हादराव तिसरे. ते फक्त "सावकाश, सावकाश" म्हणत होते.

"ताई, हा आपला प्लिंथ," ते म्हणाले. "स्वयंपाकघराचा ओटा केला, त्यातून उरला. इंटरनेटवर सगळे लिहितात, प्लिंथ जेवढा जड तेवढा आवाज भारी."

केजला माझं ऑडिओ रिपेअरिंगचं दुकान आहे. अ‍ॅम्प्लिफायर, माइक, मंगल कार्यालयांचे साउंड हे रोजचं काम. टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं मशीन, क्वचितच येतं. प्रल्हादराव नांदूरघाटचे, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि तो ते माझ्या दुकानात घालवत.

त्यांचं जुनं मशीन चांगलं होतं, पण गाण्याखाली सारखं 'घूं' वाजायचं. त्याला आम्ही रंबल म्हणतो. सुई तबकडीच्या खाचेतली थरथर वाचते. ती थरथर गाण्याची की मोटरची, हे तिला कळत नाही. जे हलेल ते ती वाचते. म्हणून मशीन ज्या पायावर बसवतात तो प्लिंथ थरथर गिळणारा हवा. यांचा प्लिंथ म्हणजे भुशाच्या फळीचा खोका, तोही ओलीनं फुगलेला.

मी ग्रॅनाइटवर पान्यानं टकटक केलं. टण्णकन वाजला.

"ऐकलं? जो स्वतःच वाजतो तो दुसऱ्याची थरथर काय गिळणार?"

"मग इंटरनेटवरचे लोक?"

"त्यांचा पण ओटा उरला असंल."

प्रल्हादराव हसले, पण लगेच गंभीर झाले. हातातली पिशवी उघडून त्यांनी एक छोटी तबकडी काढली, मऊ सुती कापडात गुंडाळलेली. त्यांच्या आत्या तरुणपणी जलशात गायच्या. गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हणायच्या. तेव्हा कुणीतरी त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. आत्यांनी ते एकदाच ऐकलं होतं, एका हॉटेलातल्या कर्ण्यावर, चहाच्या गडबडीत. ही प्रत प्रल्हादरावांना लई शोधून मिळाली होती. दुसरी कुठं आहे की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. आत्या आता चकलांब्याला लेकीकडे असतात. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्याचा भरवसा नाही. त्या रविवारी येणार होत्या.

"लावून बघू का जरा?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. जुनी सुई खाच खरवडते. मशीन नीट होईपर्यंत ही तबकडी पिशवीतच राहील."

त्यांनी ती निमूट परत गुंडाळली. बँकेत त्यांनी कुणाचं एवढं ऐकलं नसेल.

प्लिंथ रफिकभाई सुतारांनी केला. प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवले, कडेला सागवान लावलं. बोटानं ठोकलं तर 'ठप्' एवढंच. मी मोटर आणि सुईचा दांडा त्यावर बसवला, सुई नवी घातली. घूं बरीच कमी झाली. राहिली ती मॅट. तबकडी ज्या फिरत्या थाळीवर ठेवतात तिला प्लॅटर म्हणतात, आणि दोघांच्या मधे मॅट असते. जुनी रबराची मॅट वाळून पापडासारखी वाकली होती.

प्रल्हादरावांनी तीन मॅट आणल्या. पहिली फेल्टची. ती तबकडीला चिकटून तिच्याबरोबर वर यायची. दुसरी मऊ, जांभळ्या रंगाची. मी ती दाबून बघत होते तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा फोन आला.

"ताई, माझ्या योगाच्या मॅटला मधोमध गोल भोक पडलंय. त्यातलं गोल तुमच्याकडं आलंय का?"

"आलंय."

"काही उपयोग हाय का त्याचा?"

"नाही. लई मऊ आहे. तबकडी डुलते."

"म्हंजे दोन्हीकडून गेली," त्या म्हणाल्या. "द्या त्यांना फोन."

पुढची दोन मिनिटं प्रल्हादराव फक्त "हो" म्हणत होते.

तिसरी मॅट चामड्याची, चपला शिवणाऱ्या मित्राकडून कापून आणलेली. ती छान बसली, पण जाड होती. मॅट जाड असली की तबकडी वर येते, सुई धरणारा दांडा मागून खाली राहतो आणि सुई खाचेत तिरकी पडते. मी दांड्याखाली पितळी वॉशर घालून तो तेवढाच उचलला. दुसरी एक तबकडी लावली. आवाज मोकळा झाला. चामडं त्यांचं बरोबर निघालं, आणि हे त्यांनी मला आजवर विसरू दिलेलं नाही.

रविवारी मीच मशीन घेऊन नांदूरघाटला गेले. आत्या खुर्चीत बसल्या होत्या, पांढरं पातळ, ताठ पाठ. मी "जय भीम, आत्या" म्हटलं. त्यांनी हात वर केला आणि यंत्राकडे संशयानं पाहिलं.

"ह्यात मी हाय व्हय?"

मशीन टेबलावर मांडलं. आधी साधी तबकडी लावली, तर घूं पहिल्याहून मोठी. प्रल्हादरावांचा चेहरा उतरला. ते वॉशरकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघितलं. शोभा यावी म्हणून त्यांनी दोन्ही स्पीकर त्याच टेबलावर ठेवले होते. स्पीकरची थरथर टेबलातून सुईत जात होती आणि सुईतून परत स्पीकरमध्ये.

"उचला हे," मी म्हटलं.

सुमनताईंनी एक उचलला. "कावून एवढा खर्च केला मग? मी फुकटात उचलला असता."

स्पीकर वेगळ्या स्टुलांवर गेले आणि घूं थांबली. मग आत्यांची तबकडी लावली. थोडी खरखर, मग एक धारदार, तरुण आवाज. आत्या चांगला कान पुढं करून ऐकत होत्या. अर्ध्या गाण्यात त्यांनी बोट वर केलं.

"ढोलकी ऐकू येतीय."

"येणारच, आत्या," प्रल्हादराव म्हणाले. "आता खालचे आवाज स्वच्छ येतात."

"हॉटेलात न्हवती आली. तुझे मामा वाजवायलेत ती."

मामा म्हणजे आत्यांचे यजमान. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठंच उरलेला नव्हता, कारण ते कधी गायलेच नाहीत. आत्या मांडीवर बोटांनी ठेका धरून होत्या. डोळे ओले झाले होते. मग शेवटच्या कडव्यात बोटं थांबली.

"हितं चुकलेत. मी तवाच म्हणलं होतं. मेले तरी कबूल न्हाई केलं."

सुमनताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आत्याही हसल्या, डोळे पुसत. मग मला म्हणाल्या, "परत लाव. तेवढंच लाव."

दर वेळी वाजवताना तबकडी थोडी झिजते, हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही. सुई त्या कडव्यावर ठेवली. नंतर पुन्हा ठेवली.

तेव्हापासून कुणी प्लिंथ आणि मॅट बदलायला आलं की मी आधीच सांगून ठेवते. आवाज स्वच्छ झाला की गोडवा वाढतोच असं नाही. आधी लोकांच्या चुका ऐकू येतात.