मामेबहिणीच्या दारावर

लासलगावात एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर आम्ही बायका कांदा निवडतो. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका मागे. माझी कादंबरी मी तिथेच तपासून घेतली. घरी लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी निवडता निवडता, सटाण्याच्या मामेबहिणीची हकीकत म्हणून सांगायचं. चौथी शिकलेली बाई कादंबरी लिहिते म्हटल्यावर खळंभर हसं झालं असतं. मामेबहिणीचं कोणीही ऐकतं.

सांगताना मी सगळ्यांच्या हातांकडे बघायची. कांदे भराभर पडायला लागले की तो भाग घरी जाऊन कापायचा. मोठा कांदा गोल्टीत जाऊन पडला की समजायचं, हे जमलं.

मामेबहिणीला नवऱ्याने दोन पोरींसकट घराबाहेर काढलं, तिने पिठाची गिरणी टाकली, ती चालायला लागल्यावर नवरा परत आला. माझ्यासमोर बसणाऱ्या म्हातारीला आम्ही सगळ्या आत्या म्हणतो. ती म्हणाली, "तिला म्हणावं, गिरणीची किल्ली कमरेलाच ठेव. त्याच्या हाती दिली तर मी येऊन तुझं थोबाड फोडीन."

भाचीने पानं टाइप करून नाशिकच्या एका प्रकाशकाला पाठवली होती. त्यांना आवडली. शेवटचं प्रकरण आलं की छापायला घेऊ, म्हणाले. आणि मला शेवट सुचेना. नवऱ्याकडे परत पाठवायला मन घेईना, एकटी ठेवली तर गोष्ट संपल्यासारखी वाटेना. प्रकाशकांकडून सारखी विचारणा होऊ लागली, तेव्हा तिला ताप आणला आणि मारली. लिहिताना रडले, म्हणून चांगलं झालं असेल असं वाटलं. भाचीने ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर सांगितलं. सगळे हात एकदम थांबले. क्षणभर मला आनंद झाला.

आत्याने पदर डोळ्यांना लावला. "कधी गं?"

"परवा."

"आन् तू इथं कांदे निवडती? ऊठ. दारावर जाऊन येऊ."

आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरी भेटून यावंच लागतं. दारावर गेलं नाही तर नातं तुटलं म्हणतात. आत्याने पुतण्याला फोन लावला, पिकअप घेऊन ये म्हणून. कोणी भाकरी बांधायचं बोलू लागली. मूल नसलेली एक जण हळूच म्हणाली, "तिची धाकटी मी सांभाळीन. विचारशील का?"

तिकडे पुतण्या विचारत होता, सटाण्यात कुठे जायचं.

"आत्या, फोन ठेवा."

"का?"

"अशी कोणी बहीण नाहीये मला. मी लिहिलीय ती. पुस्तक येणार आहे."

मग एक जण म्हणाली, "वा गं बाई, फुकट रडवलं!" दोघीतिघी हसल्या. धाकटीला सांभाळणार होती तिने मान वर केली नाही. आत्याही हसली नाही.

"म्हंजी समदं तुझ्याच हातात व्हतं?"

"हो."

"मग मारली कशाला?"

"पुढं काय करावं ते सुचेना."

"म्हणून मारली?"

आत्याने कांदे पुढे ओढले. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

मी गोण्यांच्या थप्पीमागे गेले. प्रकाशकाशी नेहमी भाचीच बोलायची. मी पहिल्यांदाच फोन लावला. "शेवटचं प्रकरण छापू नका."

"अहो, छान उतरलंय. उद्या छपाईला जातंय."

"नको. दुसरं लिहिते."

"पुस्तक मग मागे पडेल, ताई. पुढचं वर्षही उजाडेल. चालेल?"

नाही चालणार, असं ओठांवर आलं होतं. "चालेल," म्हणाले.

जागेवर येऊन बसले. बऱ्याच वेळाने आत्याने न निवडलेल्या कांद्यांचा ढीग पायाने माझ्याकडे सारला.

"गिरणी चालू हाय का बंद?"

"चालू आहे."

"किल्ली?"

"तिच्याकडेच."

"मग सांग पुढं."

पुढचं मला माहीत नव्हतं. हातात एक कांदा घेतला. बाकी सगळ्यांचे हात थांबलेले होते.